सुरी फेकायला शिकायचंय, सुरुवात कशी करू? (बडोदा)

अंगणातली_ऋता | १४ मे, रात्री १०:०५

नमस्कार मंडळी.

विषय जरा वेगळा आहे, पण इथे हरतऱ्हेची अनुभवी माणसं आहेत म्हणून विचारते. मला सुरी फेकायला शिकायचंय. लाकडावर नेम धरून फेकायची आणि टोकाने रुतवायची, तो खेळ.

सुरुवात अशी झाली. मार्चमध्ये ऑफिसच्या सहलीला गेलो होतो, तिथे कुऱ्हाड फेकायचा एक जाळीचा पिंजरा होता. प्रत्येकाला दहा फेकी. माझ्या नऊ आपटून खाली पडल्या, दहावी रुतली. तेव्हा 'ठक्' असा जो आवाज आला ना, तो अजून कानात आहे. हातातून सुटलेली वस्तू आपण म्हटलं तिथे जाऊन उभी राहिली, याचा इतका आनंद मला कित्येक वर्षांत कशाने झाला नव्हता.

घर मांजलपूरला आहे, मागे अंगण आहे. ९ मीटर लांब, ४ मीटर रुंद, शेवटी विटांची उंच भिंत. गेल्या रविवारी स्वयंपाकघरातली जुनी सुरी घेतली, भिंतीला जुना पोळपाट टेकवला आणि तासभर फेकली. मोजल्या होत्या: ४६ फेकी, २ रुतल्या. मग मुठीचं प्लास्टिक फुटलं आणि पातं निसटून भलतीकडेच गेलं. तिथे थांबले.

विचारायचंय ते असं: सुरी कोणती घ्यावी, लाकूड कोणतं, किती अंतरावर उभं राहायचं, कायद्याची काही अडचण येते का, आणि बडोद्यात हे कोणी शिकवतं का?

---

मकरपुरा_लेथ | १४ मे, रात्री १०:४८

ऋताताई, स्वयंपाकघरातली सुरी पुन्हा फेकू नका. सगळं बाजूला ठेवून हे आधी सांगतो. भाजीच्या सुरीचं पातं कडक आणि पातळ असतं, धार टिकावी म्हणून. कडक पोलाद आपटलं की वाकत नाही, मोडतं, आणि तुकडा कुठल्या दिशेने उडेल त्याचा भरवसा नाही. शिवाय मूठ वेगळी, पातं वेगळं, मध्ये दोन रिबिटा. त्या चाळीस फेकींत ढिल्या होणारच.

फेकायची सुरी म्हणजे एकसंध लोखंडाची पट्टी. तिला धार लागत नाही, फक्त टोक लागतं. माझं जीआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, त्यामुळे माझ्या मी तिथेच केल्या. २५ बाय ५ मिमीचा एमएस फ्लॅट, म्हणजे माइल्ड स्टीलची सपाट पट्टी घ्यायची, ३० सेंमीचे तुकडे कापायचे. एक तुकडा २९० ग्रॅमच्या आसपास भरतो, टोक काढल्यावर २६०-२७० राहतो. हातात घेतल्यावर वजन कळलं पाहिजे. हलकी सुरी हाताची प्रत्येक थरथर घेऊन जाते, जड सुरी चुका पोटात घालते.

एमएस मऊ, हे नवशिक्याच्या फायद्याचंच आहे. टोक दगडाला लागलं तर वाकतं, मोडत नाही. ऐरणीवर दोन हातोडे मारले की सरळ. काही जण ट्रकच्या कमानपाट्याच्या करतात, त्या टिकतात जास्त, पण पाणी देताना चूक झाली की काचेसारख्या तडकतात. पहिलं वर्ष एमएसवरच काढा.

एक करू नका, निदान तीन करा, एकसारख्या. एकच असली तर अर्धा वेळ चालण्यात जातो, आणि दर वेळी परत येऊन उभं राहताना जागा बदलते.

---

सुमनआजी | १५ मे, सकाळी ७:१२

ऋता, तुझं लिहिणं आवडलं, पण काळजी वाटली म्हणून लिहिते. माझं वय ७४. सुरी हातातून सोडायची वस्तू नाही, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. कोणाला सुरी द्यायची तरी खाली ठेवायची, समोरच्याने उचलायची. घरात लहान मुलं असतील, शेजाऱ्यांची मांजरं असतील, मोलकरीण कपडे वाळत घालायला अचानक मागे येईल. एका 'ठक्'साठी एवढा धोका का घ्यावा? नेमबाजीची हौस असेल तर रिंग टाकावी, गोट्या खेळाव्यात. राग मानू नकोस.

---

अंगणातली_ऋता | १५ मे, सकाळी ८:३०

आजी, राग कसला. मोलकरणीचं खरंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अंगणात उघडणारं दार एकच आहे, त्याला आतून कडी आहे. फेकताना ती लावायची, हे तुमच्यामुळे ठरलं.

मकरपुरा दादा, खूप आभार. एमएस फ्लॅट लिहून घेतलं.

---

शिवण_चार_टाके | १५ मे, सकाळी ९:०४

सुमनआजींचं म्हणणं हलक्यात घेऊ नका. माझं नाव असं का आहे ते सांगतो.

सहा वर्षांपूर्वी मी प्लायवूडच्या फळीवर फेकायचो. १८ मिमीचं, चांगलं कडक. एका संध्याकाळी सुरी मुठीकडून आपटली आणि जशी गेली तशी उलट आली. मी तीन मीटरवर उभा होतो, पायात स्लीपर, अंगावर हाफ पँट. नडगीवर चार टाके. डॉक्टरांनी विचारलं काय लागलं, तर मला उत्तर देता येईना. बायको शेजारी उभी होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो, टाके आठवत नाहीत.

मुठीकडून आपटलेली सुरी परत येते, आणि नवशिक्याच्या निम्म्याहून जास्त फेकी मुठीकडूनच आपटतात. म्हणून बंद बूट, जाड पूर्ण पँट, डोळ्यांना वर्कशॉपचा पारदर्शक गॉगल. बघणाऱ्यांनी फेकणाऱ्याच्या मागे, चांगलं चार-पाच मीटर मागे थांबायचं. बाजूला कोणीही उभं राहायचं नाही. आणि प्लाय नको, पोळपाट तर नकोच.

---

लाती_बाजार | १५ मे, दुपारी १:२०

लाकडाचं मी सांगतो, आमच्या घरात तीन पिढ्या लातीचा, म्हणजे लाकडाच्या वखारीचा धंदा आहे.

फळी घेतली की तुम्ही लाकडाच्या अंगावर फेकता. तिथे तंतू आडवे झोपलेले असतात. टोक त्यांना तोडून आत जायला बघतं, तंतू त्याला ढकलतात. त्याऐवजी बुंध्याची चकती घ्या, करवतीने आडवी कापलेली, म्हणजे वर्तुळं तुमच्याकडे तोंड करून. आता तंतूंची टोकं तुमच्यासमोर. सुरी त्यांच्या मधे शिरते, ते बाजूला सरकतात, आणि सुरी काढली की बरंचसं परत मिटतं. हिराच्या झाडूला बाजूने काडी टोचून बघा आणि मग टोकाकडून खुपसून बघा, फरक हातालाच कळेल.

चकती १२ ते १५ सेंमी जाड, व्यास ४० सेंमी तरी. झाड मऊ हवं. सावर उत्तम, काडेपेटीच्या काड्या त्याच्याच करतात. आंबाही चालतो. बाभूळ, साग, शिसव नको, तिथून सुरी उडून येते. दर पावसाळ्यात आपल्याकडे वाऱ्याने झाडं पडतात, त्यांचे ओंडके वखारीत येतात, तेव्हा ओलं लाकूड स्वस्तात मिळतं. ओलंच घ्या. वाळलेलं तडकतं. भोवती लोखंडी पट्टा ठोकून घ्या, पिंपाला असतो तसा. आणि वैशाखातल्या बडोद्याच्या उन्हात चकती उघडी ठेवाल तर आठ दिवसांत मधोमध फाटेल. फेकून झालं की ओलं गोणपाट टाकायचं.

---

विश्वामित्री_काठी | १५ मे, दुपारी ३:४१

लाती काका, हिराचं उदाहरण आताच करून बघितलं. पटलं!

---

वकील_रावपुरा | १५ मे, रात्री ९:१५

कायद्याबद्दल विचारलंय, त्यावर थोडं लिहिते.

शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याखालच्या नियमांच्या अनुसूचीत धारदार शस्त्रांचा वर्ग आहे. त्यात तलवारी, खंजीर, भाले आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. अडचण अशी, की फेकायची सुरी यांपैकी कशातच सरळ बसत नाही. मकरपुरा दादांची पट्टी ३० सेंमीची, म्हणजे जवळजवळ १२ इंच. पातं कुठे संपतं आणि मूठ कुठे सुरू होते, हे पट्टीवर दिसत नाही. म्हणून मुठीचा भाग दोरा घट्ट गुंडाळून वेगळा करा. १२ सेंमी मूठ धरली तर पातं १८ सेंमी, ९ इंचांच्या बरंच आत.

याहून महत्त्वाचा तो कमिशनरसाहेबांचा जाहीरनामा. गुजरात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शहरात शस्त्रं, सुऱ्या, काठ्या घेऊन फिरायला बंदी घालता येते, आणि ती मोडली तर कलम १३५ लागतं. सण, निवडणुका, मिरवणुका आल्या की असे जाहीरनामे निघतातच. त्यामुळे तुमच्या अंगणात, तुमच्या भिंतीआड खेळा. सुऱ्या पर्समध्ये किंवा स्कूटरच्या डिकीत घालून गावभर फिरू नका. कमाटी बागेत किंवा नदीकाठी जाऊन फेकायचा विचारही नको. एकदा आपल्या पोलीस ठाण्यात जाऊन मोकळेपणाने विचारून या, सोबत लाकडी चकतीचा फोटो न्या. विचारून केलेल्या गोष्टीची झोप चांगली लागते.

---

जुना_आखाडा | १६ मे, पहाटे ५:३०

बडोद्यात कोणी शिकवतं का, असं विचारलंत. सुरी फेकणं शिकवणारा आखाडा माझ्या माहितीत नाही. पण या गावाच्या मातीत शस्त्राचा अभ्यास आहे. जुम्मादादांचा आखाडा आणि राजरत्न माणिकराव ही नावं घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. मल्लखांब, लाठी, लेझीम, फरी-गदका, जंबिया (वाकडा खंजीर) हे सगळं इथे शिस्तीने शिकवलं गेलं. सयाजीराव महाराजांचा त्याला आश्रय होता.

माझा हात लाठीवर बसला. आमच्या गुरुजींनी पहिले दोन महिने हातात लाठी दिली नाही. फक्त पाय. उभं कसं राहायचं, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर कसं न्यायचं. आम्ही कंटाळायचो. ते म्हणायचे, हात तर माकडालाही असतात.

सुरीलाही हेच लागू असणार असं वाटतं. जे फेकतात त्यांनी सांगावं.

---

तात्या_वाडी | १६ मे, सकाळी १०:०२

जंबिया फेकायचा असतो ना? लहानपणी कुठेतरी पाहिलं होतं.

---

जुना_आखाडा | १६ मे, सकाळी ११:३०

नाही तात्या. जंबियाचे हात जवळच्या लढाईचे, वार चुकवणे आणि समोरच्याचं शस्त्र काढून घेणे. हातातला जंबिया फेकला म्हणजे तुम्ही निःशस्त्र झालात. फेकायचं मराठी शस्त्र म्हणजे विटा. आखूड भाला, त्याला लांब दोरी, दोरीचं दुसरं टोक मनगटाला. फेकायचा आणि झटक्यात परत ओढायचा. कोल्हापूरकडे मर्दानी खेळात अजून बघायला मिळतो. ती दोरी आपल्या लोकांच्या अकलेची खूण आहे, शस्त्र गेलं असं कधी होऊच द्यायचं नाही.

---

तात्या_वाडी | १६ मे, दुपारी १२:१०

विट्याचं माहीत नव्हतं. मग सर्कशीत जो फेकायचा तो? पोलो ग्राउंडवर तंबू लागायचा तेव्हा आजोबांच्या खांद्यावर बसून बघितलंय. फळ्यापुढे बाई उभी, भोवती बारा सुऱ्या. मी डोळे झाकायचो.

---

शिवण_चार_टाके | १६ मे, दुपारी १२:४४

तात्या, ती माणसं आयुष्यभर एकाच अंतरावरून, त्याच सुऱ्या, त्याच फळ्यावर रोज फेकत असतात. तो त्यांच्या पोटाचा व्यवसाय. आपण कोणीही, कितीही हात बसला तरी, लाकडापुढे माणूस उभा करायचा नाही. फोटोसाठीसुद्धा नाही. हे मी हात जोडून सांगतो.

---

न्यूजर्सी_मिलिंद | १६ मे, रात्री ११:२५

मूळचा दांडिया बाजारचा, आता २० वर्षं इकडे. इथे एका क्लबात तीन वर्षं फेकतोय, तेव्हा आखाडेकाकांना उत्तर देतो: तुमचं शंभर टक्के बरोबर. सगळा खेळ पायांचा आहे.

ऋता, उजव्या हाताने फेकत असशील तर डावा पाय पुढे. सुरी हातोडी धरतो तशी धर, आवळून नाही. हात डोक्याच्या बाजूने मागे, मग सरळ पुढे. मनगट फिरवायचं नाही. सगळे तिथेच चुकतात, वाटतं की मनगटाने गिरकी दिली पाहिजे. गिरकी आपोआप येते. हात मिळवायला पुढे करतो ना, तसा लाकडाकडे जाऊ दे आणि सुरी त्यातून निसटू दे. सोडायची नाही, निसटू द्यायची.

सुरुवात एका पूर्ण फेऱ्याने (हवेत सुरीची एक पूर्ण गिरकी) कर, मुठीकडून धरून, साधारण साडेतीन मीटरवरून. पात्याकडून धरून अर्ध्या फेऱ्याने दोन मीटरवरूनही रुतते, लवकर यश मिळतं, पण इतक्या जवळ उसळलेल्या सुरीला वाट बघायलाही वेळ नसतो.

क्लबातला पहिला नियम: सगळ्यांच्या सुऱ्या फेकून झाल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही. एकटी असलीस तरी पाळ, तिन्ही फेक, मगच चाल.

---

सरळ_रेषा | १७ मे, सकाळी ८:५०

मिलिंदशी मी सहमत नाही. फेरे मोजत बसण्यापेक्षा बिनफेऱ्याची पद्धत सुरुवातीपासूनच शिकावी. तर्जनी पात्याच्या पाठीवर ठेवायची, सुटताना बोट पाठीवरून घसरत जातं आणि गिरकी दाबून टाकतं. सुरी टोक पुढे ठेवून जाते. मग तीन मीटर काय, चार काय, जागा मोजायचं कारणच नाही. मी पहिल्या दिवसापासून तेच केलं.

---

न्यूजर्सी_मिलिंद | १७ मे, संध्याकाळी ५:१५

सरळ_रेषा, पहिली दहा रुतायला किती दिवस लागले?

---

सरळ_रेषा | १७ मे, संध्याकाळी ६:०२

खरं सांगायचं तर पाच महिने.

---

न्यूजर्सी_मिलिंद | १७ मे, संध्याकाळी ६:२०

मला नऊ दिवस. तुमची पद्धत सुंदर आहे, मीही आता तीच शिकतोय. पण पाच महिने काही न रुतता टिकून राहणं सगळ्यांना जमत नाही. तुम्हाला जमलं, त्याला नमस्कार. ऋताला आधी तो आवाज ऐकू दे.

---

गतिशास्त्र | १७ मे, रात्री ९:३३

यात गणित आहे, म्हणून राहवत नाही. कॉलेजात शिकवतो.

सगळ्यांना वाटतं की जोरात फेकलं तर सुरी जास्त फिरेल. तसं होत नाही. सुरी सुटते तेव्हा ती हाताबरोबर एका वर्तुळात फिरत असते. हात दुप्पट वेगाने फिरला तर सुरीचा पुढे जाण्याचा वेग दुप्पट, आणि गिरकीचा वेगही दुप्पट. लाकडापर्यंत पोचायला वेळ निम्मा लागतो, तेवढ्यात फेरे तितकेच होतात. म्हणजे एका फेऱ्याला लागणारं अंतर जोरावर नाही, हाताच्या लांबीवर ठरतं. कोपर हा मध्य धरला आणि तिथून सुरीच्या मध्यापर्यंत ५० सेंमी धरले, तर परीघ ३ मीटर १४ सेंमी. हा ढोबळ अंदाज. खांदा किती फिरतो, सुरी किती झुकलेली सुटते, त्याने तो बदलतो. पण बहुतेकांचा फेरा ३ ते ४ मीटरमध्ये का बसतो, ते यातून दिसतं.

आता यातून निघणारी कामाची गोष्ट. चूक झाली तर हात बदलू नका, जागा बदला. सुरी लाकडाला लागली तेव्हा मूठ वर आणि टोक खाली असेल, तर ती जास्त फिरली. अर्धं पाऊल पुढे या. मूठ खाली आणि टोक वर असेल तर कमी फिरली, अर्धं पाऊल मागे जा. हाताला दर वेळी तेच करू द्यायचं, हिशोब पायांनी करायचा.

---

मकरपुरा_लेथ | १७ मे, रात्री १०:११

सर, पाच वर्षं फेकतोय, हे असं कोणी सांगितलं नव्हतं. उद्या वर्कशॉपमध्ये पोरांना फळ्यावर लिहून दाखवतो.

---

विश्वामित्री_काठी | १८ मे, सकाळी ९:४०

थोडं अवांतर. या सगळ्यांची एकदा ऋताताईंच्या अंगणात बैठक घ्या, सेव उसळ मी आणतो. तर्री वेगळ्या डब्यात.

---

तात्या_वाडी | १८ मे, सकाळी ९:५५

पाव जास्त आण. मी फेकणार नाही, फक्त खाणार.

---

अंगणातली_ऋता | १८ मे, रात्री १०:३०

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. वहीत उतरवून घेतलंय. आता प्रत्यक्ष करून मगच लिहीन.

---

अंगणातली_ऋता | २७ जुलै, रात्री ९:१८

धागा वर आणतेय. दहा आठवडे झाले.

आधी पोलीस ठाण्यात गेले, वकीलताईंनी सांगितलं तशी. ठाण्यातले साहेब आधी गोंधळले, फोटो बघितल्यावर म्हणाले, घरातच खेळा, बाहेर नेऊ नका, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. कुलूप लागणारा पत्र्याचा डबा घेतला, किल्ली माझ्या गळ्यात असते.

सुऱ्या मकरपुरा दादांनीच करून दिल्या, तीन. पैसे घेत नव्हते, बळेच दिले. मुठीला काळा दोरा गुंडाळून दिला, बरोबर १२ सेंमी. वीस दिवसांनी त्यातल्या एका सुरीने तळव्याला ओरखडा काढला. बघते तर एकमेकींवर आपटून कडेला बारीक कुसं आली होती, बोटाला लागतील अशी. आता दर रविवारी कानस घेऊन बसते, तिन्ही सुऱ्यांच्या कडा गुळगुळीत करते. आणि एकाच ठिपक्यावर तिन्ही फेकत नाही, चकतीवर खडूने तीन ठिपके काढलेत.

चकती जूनच्या पहिल्या वादळानंतर मिळाली, सावरीची, लाती काकांनी फोन करून बोलावलं. वजन इतकं होतं की रिक्षावाल्याने दोन जागांचं भाडं घेतलं. लाकडी घोडीवर ठेवली आहे, मधला ठिपका माझ्या छातीच्या उंचीला. मागे भिंतीवर जुनं जाड जाजम सोडलंय, चुकलेली सुरी त्यात थोपते आणि खाली पडते.

आता फेकण्याचं. पहिले चार दिवस एकही नीट रुतली नाही. मनगट. मिलिंददादा, तुम्ही लिहिलं होतंत तरी मनगट ऐकत नव्हतं. मग बाबांनी एक युक्ती केली. बाबा ७८ चे आहेत, तरुणपणी आखाड्यात जायचे, हे मला माहीत होतं पण ते कधी त्याबद्दल बोलायचे नाहीत. खुर्ची टाकून माझ्या मागे बसायचे. पाचव्या दिवशी उठले, एक पट्टी आणि क्रेप बँडेज घेऊन आले आणि माझं मनगट पट्टीसकट बांधलं, मोडलेल्या हाताला बांधतात तसं. म्हणाले, आता फेक. हात लाकडासारखा झाला होता. सुरी गेली आणि मूठ खाली ठेवून लाकडाला लागली, पडली. बाबा म्हणाले, मागे. अर्धं पाऊल मागे गेले. पुन्हा मूठ खाली, पण या वेळी टोक जरा टेकलं. आणखी थोडी मागे.

ठक्.

मी ओरडलेच. बाबांनी चुन्याची डबी आणली आणि माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यापुढे फरशीवर रेघ मारली. नंतर टेपने मोजलं: ३ मीटर ४२ सेंमी. गतिशास्त्र सर, तुमचा आकडा माझ्या अंगणात चुन्याने लिहिलेला आहे. पट्टी आठवडाभर बांधली, मग काढली. मनगट आता गप्प असतं.

वहीत मोजते रोज. पहिल्या आठवड्यात ३० पैकी ३. गेल्या आठवड्यात ३० पैकी २१. पाऊस असला की चकती फुगते, सुरी खोल जाते, काढायला दम लागतो. त्या दिवशी आकडा चांगला येतो, तो मी वेगळा लिहिते.

आता पुढचा प्रश्न. मागे सरकून दीड फेऱ्याने फेकायची असेल तर पात्याकडून धरावं लागेल ना? टोक तळव्याला लागू नये म्हणून कसं धरायचं?

---

न्यूजर्सी_मिलिंद | २७ जुलै, रात्री ११:५०

बाबांना माझा नमस्कार सांग. पट्टी बांधायची युक्ती मी क्लबात सांगणार आहे, बडोद्याची म्हणून.

हो, पात्याकडून. धार नसल्यामुळे काळजी नाही. टोक तळव्यात आत जाऊ द्यायचं नाही, ते करंगळीच्या बाजूने मुठीबाहेर राहिलं पाहिजे. अंगठा एका सपाट बाजूला, बोटं दुसऱ्या. पाच मीटरच्या आसपास उभी राहा आणि पुन्हा पायांनी शोध. पहिल्या दिवशी सगळं परत शून्यावर आल्यासारखं वाटेल. तो आठवडा सोडू नकोस.

---

जुना_आखाडा | २८ जुलै, पहाटे ५:४०

बाबांचं वय वाचलं आणि रात्रभर विचार करत होतो. त्या वयाचे, मांजलपूरचे, आखाड्यात जाणारे. त्यांना विचारा, लाठीच्या जोडीला डावखुरा एक मुलगा असायचा का, त्याच्या उजव्या भुवईवर खूण होती.

---

अंगणातली_ऋता | २८ जुलै, सकाळी ७:०५

काका, वाचून दाखवलं. बाबा चहा तसाच ठेवून उठले. म्हणाले, ती खूण माझ्याच लाठीची आहे. रविवारी यायला सांग. पत्ता निरोपातून पाठवते.

---

सुमनआजी | २८ जुलै, सकाळी ८:२०

ऋता, मीही येते रविवारी. कडी, बूट, डब्याचं कुलूप, सगळं वाचलं. माझी खुर्ची बाबांच्या शेजारी ठेव, पाच मीटर मागे. आणि त्या विश्वामित्रीवाल्याला सांग, माझ्यासाठी तर्री कमी.